मोजणीदारांचं स्वयंपाकघर

वणवा विझून दीड महिना झाला, पण मोजणीदारांच्या घरातला अबोला काही संपत नव्हता.

सगळी हयात दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालवलेला हा माणूस. कुणाची हद्द वीतभर सरकली तरी यांच्या नजरेतून सुटायची नाही. पण डोंगरावरून आग खाली आली त्या दुपारी नातीला घेऊन गाडीत बसलेली बायको ओरडून सांगत होती, "अहो, स्वयंपाकघरातून माझ्या आईचा खलबत्ता तेवढा घ्या!" हे आत धावले. दोन कपाटं उघडली, तिसऱ्यापाशी हात टेकले आणि हाताला लागला तो कुकर घेऊन बाहेर आले. तोही बिनझाकणाचा.

तेव्हापासून दोघं लेकीकडे राहत होती आणि बायकोचे निरोप लेकीमार्फत यायचे. बाबांना म्हणावं गोळी घ्या. बाबांना म्हणावं मफलर विसरू नका. आणि रोजचा एक ठरलेला निरोप: जागा विकून टाका म्हणावं, त्या राखेत मी पाय ठेवणार नाही.

मोजणीदारांना तिथंच पुन्हा घर बांधायचं होतं आणि तिच्याशिवाय बांधायचं नव्हतं. खलबत्ता सापडला तर निदान तोंड उघडायला जागा होईल, एवढीच त्यांची आशा. म्हणून राडारोडा उचलायला त्यांच्या घराचा नंबर लागला, त्या सकाळी ते मास्क लावून सगळ्यांच्या आधी हजर झाले.

काम मुकादमबाईंच्या हाताखाली चालायचं. बाई बुटक्या, पण आवाज असा खणखणीत की पोकलेनच्या घरघरीतही ऐकू यावा. त्यांची एक पद्धत होती. मशीन लावण्याआधी घरच्या माणसाच्या हातात पांढऱ्या फक्कीची पिशवी द्यायची आणि राखेवरच घर आखून घ्यायचं. भिंती उरलेल्या नसतात. काय कुठं होतं ते घरच्यांनाच ठाऊक. मग अर्धा तास हातानं चाळायचं.

"अर्धाच तास हं, काका. पुढची चार घरं ताटकळलीत."

"आखणी मला शिकवता होय?" मोजणीदारांनी खिशातून टेप काढला. बघता बघता त्यांनी असं घर आखलं की रेघेला रेघ, कोनाला कोन. मग एका कोपऱ्यात काठी टेकवून म्हणाले, "हे स्वयंपाकघर."

दोन मजूर चाळण्या घेऊन बसले. राख उडू नये म्हणून पाणीवाला हलका फवारा मारत होता. फरशीचे तुकडे निघाले, एक नळ निघाला. मग पांढऱ्या चिनी मातीचं मोठं खापर निघालं. मुकादमबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"काका, तुमच्या स्वयंपाकघरात संडास होता का?"

पाणीवाला इतका हसला की फवारा थेट मुकादमबाईंच्या पायावर गेला. मोजणीदार मात्र पार ओशाळले. बाहेरची मापं त्यांची तंतोतंत होती. आतलं घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खुर्चीत बसलं की चहा यायचा, तो कुठून यायचा हे विचारावंसंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

दहा मिनिटं उरली होती. त्यांनी लेकीला फोन लावला.

"आईला दे."

"ती नाही म्हणतेय, बाबा."

मुकादमबाईंनी फोन काढून घेतला आणि स्पीकर लावला. "काकू, मी मुकादम बोलतेय. काकांनी तुमची चूल संडासात मांडलीय. मशीन उभं आहे. आता तुम्हीच सांगा."

पलीकडून आवाज आला, "मागच्या दारात उभं राहा म्हणावं. तिथून पाच पावलं सरळ. माझी पावलं, त्यांच्या ढांगा नव्हेत."

मोजणीदार पावलाला पाऊल चिकटवत चालले.

"उजवीकडे ओटा. त्याच्या टोकाला, खिडकीखाली, खालची फळी."

त्यांनी मजुरांना थांबवलं आणि स्वतःच गुडघ्यावर बसले. ओली राख कोपरापर्यंत उपसली. बोटं लोखंडाला लागली. खलबत्ता काळाठिक्कर पडला होता, पण धडधाकट होता. बत्ता शेजारीच होता.

"सापडला!" मुकादमबाई ओरडल्या.

मोजणीदार तो छातीशी धरून ओटा होता तिथं उभे राहिले. सकाळचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी डोळे बारीक केले.

"अगं," ते फोनकडे वळून म्हणाले, "इथं उभं राहिलं की ऊन थेट डोळ्यांत येतं गं."

"चाळीस वर्षं येतंय."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी तिथं आलात?"

मोजणीदारांनी खलबत्ता पायाशी ठेवला आणि खिशातून टेप काढला. म्हणाले, "नव्या घरात खिडकी कुठं हवी ते सांग. मी आत्ता आखतो."

"तुम्हाला नाही जमायचं," ती म्हणाली. "थांबा तिथंच. मी येते."