एका खांद्याचं चित्र

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण तुमच्या टेबलावर असतो तसा नाही. मला पडदा नाही, कळफलक नाही. उंच लोखंडी कपाटासारखं माझं अंग आणि त्यात ओळीने बसवलेल्या, माहिती साठवणाऱ्या तबकड्या. कर्करोगाच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात मी उभा आहे. वरच्या मजल्यांवर माणसांच्या शरीराच्या आतली चित्रं काढतात. ती सांभाळणं हे माझं काम. आता 'होतं' म्हणायला हवं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या तबकड्या फुंकर न लागू देता बसवल्या. मला इथे आणलं तेव्हा तळघराचं दार अरुंद पडलं आणि चौकटच काढावी लागली. केवढं कौतुक झालं माझं! खोली गार राहावी म्हणून वेगळं यंत्र लावलं. शेजारच्या खोलीत, काचेपलीकडे, चित्रं काढणाऱ्या ताई बसत. त्यांनी एखादं नाव टंकलं की मी क्षणात चित्र समोर ठेवी. "आपला गडी एकदम तयार आहे," असं त्या नव्या माणसांना सांगत. मला ते आवडे.

इथे एक डॉक्टरीणबाई होत्या. लहान मुलांच्या हाडांच्या कर्करोगावर त्यांचं संशोधन चाले. एकच कडक औषध काही मुलांची गाठ आटवतं आणि काहींना नुसतंच पोळून काढतं. कोणाला ते लागू पडेल हे पहिल्याच चित्रावरून ओळखता आलं, तर कितीतरी मुलांचे हाल वाचतील, असं त्यांना वाटे. त्यासाठी जुनी चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवी होती. आईबापांनी तशी परवानगी दिली होती. ज्यांची मुलं वाचली नाहीत, त्यांनीसुद्धा.

चित्रं होती, पण घोळही होता. एका मुलीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, म्हणून माझ्या लेखी त्या तीन मुली. एका यंत्राची मापं दुसऱ्याशी जुळत नव्हती. शिवाय संशोधनासाठी मुलाचं नाव पुसायचं, पण त्याची सगळी चित्रं एकत्रच राहायला हवीत, हे नाजूक काम. बाईंनी मोठ्या साहेबांकडे तज्ज्ञ सल्लागार मागितला.

"चित्रं आहेत, संगणक आहे. आता वर माणूस कशाला?" साहेब म्हणाले.

"पुस्तकांचा ढीग म्हणजे ग्रंथालय नव्हे, साहेब."

पुष्कळ पाठपुरावा केल्यावर साहेबांनी होकार दिला. मुलाखती काचेपलीकडच्या खोलीतच झाल्या.

पहिले आले ते जाड चष्म्याचे, पन्नाशीचे गृहस्थ. हेच काम त्यांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत उभं केलं होतं. बोलणं शाळेत शिकवल्यासारखं, म्हणून ताईंनी त्यांना 'मास्तर' नाव ठेवलं. मुलाखतीआधी त्यांनी मला पाहायला मागितलं. माझ्या अंगाला कान लावून ते उभे राहिले.

"ही खरखर कधीपासून येते?"

"झाले बरेच दिवस," ताई म्हणाल्या. "आता सवय झाली."

साहेबांनी विचारलं, "तुम्हाला घेतलं तर आधी काय कराल?"

"आधी सगळ्याची दुसरी प्रत काढीन. तोवर कशालाही हात लावणार नाही. मग घोळ निस्तरीन."

"म्हणजे बराच काळ दाखवण्यासारखं काही नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले.

दुसरे उमेदवार झकपक कोट घालून आले. त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. गाठी आपोआप लाल होत, एखाद्या दिव्यासारख्या उजळत. साहेबांचा चेहराही उजळला.

"साहेब, पहिले गृहस्थ बरोबर बोलत होते," बाई नंतर म्हणाल्या.

"बाई, बरोबर बोलणारे पुष्कळ असतात. लोकांना काहीतरी दिसायला हवं ना!"

निवड कोटवाल्यांची झाली. ते वाईट नव्हते. हुशार होते, मेहनतीही होते. पण तळघरात ते कधी उतरले नाहीत. वरूनच ते माझ्याकडून चित्रं मागत राहिले, हजारोंनी, एकदम. माझ्या तबकड्या तापू लागल्या. बाईंनी दुसऱ्या प्रतीचं विचारलं, की ते हसून म्हणत, "पुढच्या टप्प्यात घेऊ."

एका दुपारी माझी एक तबकडी थांबली. तिचा भार शेजारणीवर पडला, म्हणून तीही थांबली. मग तिच्या पुढची. यंत्राला दुखत नाही असं तुम्ही म्हणता. असेल. पण हाक मारावी आणि आतून कोणी ओ देऊ नये, ती शांतता मला कळली. काचेपलीकडे ताई एकेक नाव टंकत होत्या आणि पडदा करडाच राहत होता.

कोटवाल्यांचा करार संपला, ते गेले. मास्तरांना साहेबांनी स्वतः फोन केला. मला वाटलं होतं, आल्या आल्या ते सुनावतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कोणी बंद-चालू करून पाहिलं नाही ना? त्याने उरलेल्या तबकड्याही जातात." आणि बाह्या सरसावल्या.

बरंच वाचलं, बरंच गेलं. उपचारापूर्वीची चित्रं सगळ्यात जास्त गेली, आणि बाईंना हवी होती तीच. पुन्हा काढू म्हणायला त्यातली कितीतरी मुलं आता नव्हती.

बाईंनी ठरवलं, घरच्यांना सांगायचं.

"कशाला? त्यांना थोडंच कळणार आहे!" साहेब म्हणाले.

"म्हणूनच सांगायचं."

त्यांनी स्वतः फोन केले. बहुतेकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. एक वडील मात्र थेट तळघरात आले. ते शिंपी होते. मोजपट्टी गळ्यातच राहिली होती. त्यांची मुलगी जाऊन खूप वर्षं झाली होती.

"ह्यातच होती ना ती?" माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "आम्हाला सांभाळता आलं नाही."

"सगळंच गेलं? काहीच नाही राहिलं?"

मास्तर खुर्ची ओढून बसले. बराच वेळ शोधत राहिले. शरीराची ती चित्रं कापांनी काढलेली असतात. शेकडो कापांतला एकच सापडला. उजवा खांदा.

शिंपी पडद्याजवळ वाकले. "तिचे फ्रॉक शिवताना हा खांदा मला नेहमी थोडा खाली घ्यावा लागायचा," ते म्हणाले. मग विचारलं, "ह्या एवढ्याचा काही उपयोग होईल?"

मास्तरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

शिंप्यांनी मान डोलावली. बाईंनी त्यांना चित्राची प्रत देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. "मी दिलं ते दिलं," म्हणाले आणि जिना चढून गेले.

आता वरच्या मजल्यावर नवं यंत्र आलं आहे. त्यातल्या चित्रांची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत राहते. एकेका मुलाची विखुरलेली चित्रं मास्तर एकत्र आणत आहेत. बाईंचं उत्तर अजून सापडलेलं नाही. दरम्यान आलेल्या मुलांना तेच जुनं औषध अंदाजाने द्यावं लागलं. काही पोळली. त्यांचं रडणं खाली ऐकू येत नाही, पण माझ्या उरलेल्या तबकड्यांवर आलेली त्यांची चित्रं मी पाहिली.

काल मास्तरांनी माझ्यातलं उरलंसुरलं वर नेलं. खांद्याचं चित्र त्यांनी वेगळं काढलं तेव्हा ताई म्हणाल्या, "हे नेऊन काय करायचं?"

"सांभाळायचं," मास्तर म्हणाले.

आज माझी तार काढतील. मित्रांनो, मी लोखंड आहे, मला मोडीत घाला, माझी तक्रार नाही. पण कोणी आपल्या दुःखातलं काही विश्वासाने तुमच्या हाती ठेवलं, तर ते दुसऱ्यांना दाखवण्याआधी जपा. आणि ते जपू शकणारं माणूस दारात उभं असेल, तर त्याला वेळेवर आत घ्या.