तीस लिटर

आयलेव्ह गेला तो ऑगस्टात, गवताची दुसरी कापणी झाल्यावर. मागे घरात उरली त्याची धाकटी बहीण ऑडनी. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. व्हॉस गावाच्या वरच्या अंगाला, बापाच्याच शेतावर, भावंडांचा जन्म गेला होता.

डिसेंबर लागला तशी ऑडनी बिअरघराचं कुलूप काढून आत जाऊन उभी राहिली. घरची बिअर नाही असा नाताळ या घरानं पाहिला नव्हता. पण बिअर करायचा तो आयलेव्ह. ती पाणी वाहायची, बिअरच्या पाण्यात उकळायला जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या तोडून आणायची, भांडी घासायची. विरजण घालायची वेळ आली की मात्र तो तिला बाजूला सारायचा. विरजण म्हणजे आजोबांच्या वेळेपासून जपलेलं, सुकवून बरणीत ठेवलेलं यीस्ट.

"तुझे हात म्हणजे बर्फ," तो म्हणायचा. "तुला काय कळणार रस किती ऊन आहे ते!"

मग मोड आणलेल्या सातूच्या गोड रसात कोपर बुडवून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आता." किती अंश, ते त्यानं कधी मोजलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

दीडशे लिटरचं लाकडी पिंप वर्षभर कोरडं पडून होतं. तिनं त्यात बादलीभर पाणी ओतलं, तर फळ्यांच्या फटींतून सगळं जमिनीवर. तीन दिवस ती पाणी भरत राहिली. चौथ्या दिवशी लाकूड फुगलं, फटी मिटल्या, थेंबही गळेना. ती खूश झाली. पण वाकून आत बघितल्यावर तिच्या लक्षात आलं, एवढी बिअर पिणार कोण? तिनं पिंप पुन्हा रिकामं केलं आणि गोठ्यातून दुधाचा जुना कॅन आणून घासायला घेतला.

मग बराच वेळ विचार करून तिनं फोन उचलला.

"गुदलाइक, मी ऑडनी बोलतेय."

शेजारच्या शेतावरचा गुदलाइक आणि आयलेव्ह अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गुदलाइकनं लाकडी पिंप मोडीत काढून स्टीलची टाकी आणली, तेव्हा एका लग्नात सगळ्यांदेखत आयलेव्ह त्याला म्हणाला होता, "ही बिअर नव्हे, डेअरीतलं धुवण आहे."

"बोल," गुदलाइक म्हणाला.

"विरजण किती ऊन असताना घालतोस तू?"

"एकोणचाळीस. थर्मामीटर आहे का?"

"तापाचा आहे."

"चालेल. फक्त नंतर कुणाच्या तोंडात घालू नकोस. किती करतेयस?"

"तीस लिटर. दुधाच्या कॅनमध्ये."

"तीसच? अगं, एवढ्याशा रसाला स्वतःची ऊब धरता येत नाही. दीडशे लिटर असला की विरजण काम करतं, तापतं, आणि ती ऊब आतच राहते. कॅन भराभर निवणार. नीट गुंडाळ, पस्तिसाच्या खाली जाऊ देऊ नकोस."

तो येतो म्हणेल, असं तिला क्षणभर वाटलं. "बरं मग," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस तयार झाला. कॅन बर्फात उभा करून तिनं तो निववला. एकोणचाळीसचा आकडा दिसल्यावर विरजण हातात घेतलं. घालताना मोठ्यानं आरोळी ठोकायची, नाहीतर बिअर मिळमिळीत होते, अशी तिथली रीत. आयलेव्हची आरोळी समोरच्या डोंगरावर आदळून परत यायची. कोणी नसतानाही ऑडनीनं दार लावून घेतलं आणि ओरडली. पायाला ठेच लागल्यासारखा आवाज निघाला. ती पुन्हा ओरडली. या वेळी आवाज हवा त्याहून मोठा आला आणि थांबेचना. कॅनचे दोन्ही कान धरून ती तशीच उभी राहिली.

दोन तासांनी आकडा तेहेतिसावर. फेसाचा पत्ता नाही. मेंढीची कातडी गुंडाळून झाली, गरम पाण्याच्या बाटल्या लावून झाल्या. शेवटी लाकडं वाहायच्या घसरगाडीवर कॅन चढवून तिनं अंगण पार केलं आणि तो न्हाणीघरात नेला. तिथली फरशी खालून विजेवर तापायची. बटण होतं तेवढं फिरवलं आणि विणकाम घेऊन ती स्टुलावर बसली.

तासाभरानं कॅनमधून हलकं फसफसणं ऐकू आलं. मग ते वाढत गेलं. ऑगस्टनंतर त्या घरात तिच्याशिवाय काही वाजत असेल तर ते घड्याळ. ऑडनीनं सुया खाली ठेवल्या. उद्या बर्फ पडेल, असंही तिनं कॅनला सांगून टाकलं.

दोन दिवसांनी बिअर तयार झाली. अशा पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना चाखायला बोलवायचं असतं. तिनं कुणाला बोलावलं नाही. दुपारी गुदलाइकच दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"झाली असेल म्हटलं."

त्यानं घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला.

"जरा गोड राहिलीय."

"कळतंय मला."

"आयलेव्हची नव्हे ही."

"नाहीच."

त्यानं पेला पुन्हा पुढे केला. "ठेवली होतीस कुठे?"

"न्हाणीघरात."

"न्हाणीघरात!" तो खदखदून हसला. "तो असता तर तुझ्याशीही अकरा वर्षं बोलला नसता."

तीही हसली. मग तो टोपी फिरवत राहिला आणि म्हणाला, "माझं विरजण तीन वर्षांमागे वाया गेलं. तेव्हापासून दुकानातली पुडी वापरतो. कुणाला कळू दिलं नाही मी."

"अरे, मग मागायचंस ना."

"कोणाकडे?"

तिनं कॅनच्या तळाशी बसलेला विरजणाचा साका लहान बरणीत भरून दिला. ती त्यानं कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवला.

"नाताळात ये आमच्याकडे," दारात तो म्हणाला. "पोरं, नातवंडं सगळी येणारेत."

"बघते."

ती येणार नाही हे त्याला कळलं असावं. त्यानं आग्रह केला नाही.

तो फाटकाबाहेर गेल्यावर ऑडनीनं त्याचा पेला धुतला, स्वतःचा भरला आणि खिडकीपाशी बसली. बिअर गोड होती खरी. आणखी एक दिवस राहू द्यायला हवी होती. पण वाईट नव्हती, मुळीच वाईट नव्हती, आणि हे ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं, त्याची खुर्ची तिनं अजून टेबलापासून हलवली नव्हती.