वाटूरच्या पुलावरचा जावई

पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सरकारनं रस्ते, पूल, शाळा अशी कामं धडाक्यानं काढली. पण ती नीट होतात की नाही हे बघायला माणसं कुठं होती? म्हणून बांधकाम खात्यानं परतूरला तपासनीस तयार करायचा वर्ग काढला. शिकवायला दीनानाथराव ओव्हरसियर. सगळी हयात त्यांनी दगड-चुन्यात घातलेली.

ते म्हणायचे, "ठेकेदाराचा चहा प्याला की डोळ्यावर साय येते. आन तपासनिसाला एक शब्द पक्का यायला पाहिजे. न्हाई. म्हणा."

सगळे एका सुरात म्हणायचे, "न्हाई!"

"आरती म्हणून राह्यले का? समोरच्याच्या डोळ्यात बघून म्हणा!"

श्रीपतीला नेमकं तेच जमत नसे. दगडाची जात त्याला कळायची, चुना बोटांनी चोळून तो सांगायचा. पण बाजारात भाजीवालीनं किडकी वांगी पिशवीत टाकली तरी तो मुकाट घेऊन यायचा. जिनिंगमध्ये कापूस निवडायचं काम सोडून तो या वर्गात आला होता. इथं नाव कटलं तर पुन्हा त्याच कापसाच्या धुळीत खोकत बसायचं, हे त्याला ठाऊक होतं.

वर्ग संपत आला तसं दीनानाथरावांनी एकेकाला एकेक काम नेमून दिलं. शेवटी ते स्वतः येणार, वाटेल तिथं भिंत उकरून बघणार. आत खोट निघाली तर तपासनिसाचं नाव यादीतून गेलं. श्रीपतीच्या वाट्याला वाटूरच्या ओढ्यावरचा पूल आला.

आता वाटूर ही त्याची सासुरवाडी. पुलावरचा मुख्य गवंडी रखमाजी, म्हणजे त्याचा सख्खा सासरा. तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं, की साहेब, हे काम मला नको. पण 'नको' हा त्या 'न्हाई'चाच सख्खा भाऊ. श्रीपती मान हलवून निघाला.

वाटूरमध्ये एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई. कामावर गेला की कुणी तरी खांद्यावरचं उपरणं झटकून दगडावर अंथरायचं. "बसा जावईबापू, उन्हात कशाला फिरून राह्यले?" श्रीपती बसायचा. चहा यायचा, तो प्यायचा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुलाची बाजूची भिंत वर चढत गेली.

एक दिवस तो ओढ्यात उतरून भिंतीच्या मागल्या अंगाला गेला आणि जागीच थबकला. भिंतीच्या दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब दगड आरपार घालायचे असतात. मागून बघितलं की त्यांची टोकं दिसतात. इथं एकही टोक दिसत नव्हतं. समोर देखणी भिंत, मागं देखणी भिंत आणि पोटात नुसता भुगा. पहिल्याच पुराला ती फुगून फाटली असती.

तो वर आला. रखमाजी ओळंबा धरून उभा होता.

"मामा, भिंत..."

"काय जावईबापू?"

"न्हाई म्हणजे... ऊन लई झालं आज."

"तर काय! चला घरी. पुष्पानं पुरण घातलंय."

घरी पाट मांडला होता. पुष्पाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पोळीवर तुपाची धार धरली. श्रीपतीनं ताटाकडं बघितलं, आणि त्याचा हात काही उठेना. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पण त्यानं मांडीवर हात ठेवले आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"काय झालं? तूप कमी पडलं का?"

त्यानं ताट हातानं मागं सारलं.

झालं! जावई रुसला, ही बातमी शेजारच्या घरी पोचायला किती वेळ लागतो? दारात बायका गोळा झाल्या. एक म्हणाली, "लग्नात घड्याळ द्यायचं राह्यलं होतं, तेच असंल." दुसरी म्हणाली, "घड्याळ कशाचं? सायकल पाहिजे असंल. आजकालचे जावई पायी चालत न्हाईत."

रखमाजीनं हात जोडले. "पाव्हणं, गरिबाला झेपंल ते मागा. पण अन्नाला पाठ दाखवू नका."

श्रीपतीनं मान वळवली. जे तपासनिसाच्या तोंडून निघत नव्हतं ते रुसलेल्या जावयाच्या तोंडून सहज निघालं. "पुलाची भिंत उतरवा. लांब दगड घालून पुन्हा बांधा. तवर मी जेवत न्हाई."

शेजारची म्हातारी पदरात तोंड घालून हसली. "जावयानं बैल मागितलेला बघितला, अंगठी मागितलेली बघितली. भिंत मागणारा हा पहिलाच गं बाई!"

श्रीपतीला वाटलं, आता सासरा भडकणार. पण रखमाजी मटकन खाली बसला आणि त्यानं असा श्वास सोडला, की जणू डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घेतली.

"जेवा," तो म्हणाला. "उतरवतो. अहो, मला काय ती भिंत गोड लागून राह्यली होती? लांब दगड खाणीवरून आलेच न्हाईत, आन ठेकेदार अमृतलालशेठ म्हणे, जल्दी करा, माझं नाव जातंय. मी नडलो असतो तर दुसरा गवंडी आणला असता. आता सांगतो त्याला, जावई उपाशी बसलाय म्हणून."

अमृतलालशेठ संध्याकाळी कामावर आला. ऐकून त्यानं कपाळाला हात लावला, पण वाद घातला नाही. "जंवाईपुढं कुणाचं चाललंय? आमच्यात तर जंवाई रुसला तर बरात जागची हलत न्हाई. उतरवा भिंत. दगडाच्या गाड्या मी लावतो."

भिंत उतरली, पुन्हा चढली. दीनानाथराव आले, त्यांनी पहारीनं स्वतः दोन जागी उकरलं, आरपार गेलेल्या दगडावर तळवा फिरवला आणि विचारलं, "ही एकदा उतरवलेली दिसते. ठेकेदारानं ऐकलं कसं?"

श्रीपतीनं खरं ते सांगितलं.

दीनानाथरावांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. खांदे हलताना दिसले तेव्हा कळलं, की ते हसत होते.

"काम पक्कं आहे. नाव राहील यादीत," ते म्हणाले. "पण पुढचं काम अंतरवालीला आहे. तिथं कोण लागतं तुमचं?"

"कुणीच न्हाई साहेब!" श्रीपती एवढ्या जोरात आणि एवढ्या आनंदानं म्हणाला, की दगडावर टाकी चालवणारा रखमाजी थांबून वर बघू लागला.