बाईसाहेब कोणाकडे जाणार

माझा धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं असं, की मी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला आणि वर तो गटारात फेकला. घास म्हणजे आमच्या बाबांची शिकारीची रायफल. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. बिचारा जे दिसलं त्यावरून बोलतो. जे दिसलं नाही ते मी पोटात ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर आता त्याचाही कंटाळा आलाय.

रायफल मूळ आजोबांची. त्यांच्यानंतर बाबांकडे आली. बाबा लेथवरचे कारागीर, लोखंडाला केसाएवढाही फरक खपवून न घेणारे. तिच्यावर त्यांचा असा जीव, की आईने तिचं नाव ‘बाईसाहेब’ ठेवलं होतं. ‘बाईसाहेबांना तेल लावून झालं असेल तर दोन थेंब माझ्या शिलाई मशीनलाही घाला,’ असं ती म्हणायची. आई गेली, नाव राहिलं. शिकार तर केव्हाच बंद झाली, आधी कायद्याने आणि मग गुडघ्यांनी. पण दर रविवारी बाईसाहेबांची साफसफाई काही चुकली नाही. पुढे बाबांच्या हातांना कंप सुटला तेव्हा ती मी करायला लागले. मला कोणी सांगितलं नव्हतं. या घरात मला कुणी काही सांगत नाही, पाणी उताराकडे जातं तशी कामं आपोआप माझ्याकडे येतात.

मी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड कापते. दिवसभर उभं राहून खडूने रेघा मारायच्या आणि कात्री चालवायची. संध्याकाळी घरी आलं की बाबांचं इंजेक्शन, बाबांचं जेवण, बाबांचे पाय. माझं लग्न का झालं नाही हा विषय इथे नको, त्यावर नातेवाइकांनी पुरेसं तोंडसुख घेतलंय.

बाबांना साखर आहे. तिने आधी डोळे नेले, मग बोटांची जाणीव नेली. उजव्या डोळ्याने त्यांना उजेड-अंधार कळतो, डाव्याने माणसाचा आकार. परवाना पुढे चालवायचा तर डोळे तपासून घ्यावे लागतात, आणि ते आता काय तपासणार, कपाळ? तेव्हा बाबांनीच ठरवलं, की आपल्या हयातीतच बाईसाहेब कोणाच्या तरी नावावर करायच्या.

दादाला ती नव्या घराच्या दिवाणखान्यात हवी होती, सोफ्याच्या वर, भिंतीवर. दादा सिमेंटच्या कंपनीत मॅनेजर आहे, त्याला प्रत्येक वस्तू पाहुण्यांना दिसेल अशी ठेवायला आवडते. धाकट्याची गोष्ट वेगळी. तो लहानपणी बाबांबरोबर डोंगरात जायचा. मिसरूड फुटायच्या आधी त्याने पहिलं रानडुक्कर पाडलं ते याच रायफलने. आता शाळेची बस चालवतो. ‘घर तुम्ही घ्या, भांडीकुंडी तुम्ही घ्या, मला फक्त बाईसाहेब द्या,’ असं तो कितीतरी वर्षं म्हणत आला होता. मला कोणी विचारलं असतं तर मी त्याचंच नाव घेतलं असतं. विचारलं नाही, ती गोष्ट निराळी.

आता ठोंब्याबद्दल सांगायला हवं. ठोंब्या म्हणजे खोटं काडतूस. बाबांनी ते स्वतः लेथवर पितळेचं बनवलं होतं, पुढे गोळीच्या जागी लाकडाचं टोक. आम्ही लहान असताना बाबा ते गुपचूप रायफलीत घालायचे, बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, बंद करायचे आणि सहज आमच्या हातात द्यायचे. ‘रिकामी आहे, घे.’ ज्याने विश्वास ठेवला तो ठोंब्या, आणि त्या आठवड्याची भांडी त्याच्याकडे. घरचा नियमच होता: सख्खा बाप सांगत असला तरी हातात आल्या आल्या आधी बोल्ट उघडून बघायचं. दुसरा नियम असा, की रिकाम्या रायफलीचा चाप कधी ओढायचा नाही, आतली स्प्रिंग खराब होते. या दुसऱ्या नियमावरून बाबांनी धाकट्याला एकदा असा चोप दिला होता, की आईला मध्ये पडावं लागलं होतं.

त्या रविवारी दुपारी बाबांनी दोघा भावांना बोलावून घेतलं. मला म्हणाले, ‘तू चहा टाक, कपाट मी उघडतो.’ मी म्हटलं, ‘मी काढून देते ना.’ तर खेकसले, ‘मी अजून मेलो नाही.’ मग काय बोलणार? मी स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडे स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे, मीच कारखान्यातल्या उरलेल्या निळ्या कापडाचा शिवलेला. पलीकडून लोखंडी कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण उघडल्याचा आला, बोल्ट लागल्याचा आला. म्हणजे म्हातारा ठोंब्या घालतोय, हे मला कळलं. हसूही आलं. पन्नाशीची पोरं, आणि त्यांची परीक्षा चाललीय.

भाऊ आले. दादाने रायफल हातात घेऊन लांब धरली, मुलगी बघायला आल्यासारखं, आणि विचारलं, ‘पॉलिश कुठे करून मिळेल?’ मग त्याने ती धाकट्याकडे दिली. मी चहाचा ट्रे घेऊन खांद्याने पडदा सारला आणि समोर बघते तर नळी माझ्याकडे रोखलेली. धाकटा गुडघा जरा वाकवून, गाल दस्त्याला लावून उभा. बोट चापावर. लहानपणी याच जागच्या पडद्यावर नेम धरायची त्याला सवय होती, तेव्हा पडदा आईचा होता.

‘ताई, हलू नकोस! डुक्कर सापडलं!’ तो हसत म्हणाला.

‘डुक्कर तुझ्या तोंडावर चहा ओतेल,’ मी म्हटलं. ‘बाजूला हो, कप सांडतील.’

त्याने रायफल खाली घेतली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आनंदाने. मलाही बरं वाटलं. म्हटलं, जाऊ दे, ज्याची आहे त्याच्याकडे जाईल.

‘आता पोरीकडे दे,’ बाबा म्हणाले.

‘मला कशाला? मला काय करायचीय?’

‘घे म्हणतो ना.’

मी ट्रे ठेवला, हात पुसले आणि घेतली. नळी छताच्या कोपऱ्याकडे केली आणि बोल्ट मागे ओढला. यात शहाणपणाचं काही नव्हतं, रोजची भाजी निवडावी तशी हाताची सवय. काडतूस उडून बाहेर आलं ते मी तळहातात झेललं.

आवाज ऐकून बाबांनी टाळी वाजवली. ‘सापडला ठोंब्या! बघा, दोघंही ठोंबे निघालात! एकानेही बघितलं नाही!’ कितीतरी दिवसांनी ते इतके खूष दिसले. ‘ठरलं. बाईसाहेब पोरीच्या. तिच्या हातात माणूस सुरक्षित राहील.’

दादा ओशाळून हसला. आणि मी मूठ मिटून तशीच उभी. ठोंब्या हलका आहे. माझ्या मुठीत जे होतं ते जड होतं, आणि त्याचं टोक लाकडाचं नव्हतं.

कपाटात दोन डबे आहेत. एकात ठोंब्या, दुसऱ्यात जुनी, उरलेली खरी काडतुसं. दोन्ही डबे बाबांनीच बनवलेले, एकाच मापाचे. खऱ्याच्या झाकणावर त्यांनी फुली कोरलीय, अंधारातही बोटाला कळावी म्हणून. बोटाला. धाकट्याने चाप ओढला नाही तो काही मी समोर होते म्हणून नाही. रायफल रिकामी आहे असं त्याला वाटत होतं, आणि रिकामीचा चाप ओढायचा नसतो, म्हणून मी अजून जिवंत उभी होते.

‘बाबा, ही काय परीक्षा झाली?’ धाकट्याचा आवाज चढला. ‘मी काय आता शाळेत आहे? माझा जन्म गेला हिच्यावर जीव टाकण्यात, आणि तुम्ही एका खेळण्यावरून निकाल लावता? ताईला ती कशाला? ताई, तू तरी सांग यांना!’

तो माझ्याकडे बघत होता. मूठ उघडायची, एवढंच काम होतं. पण उघडली असती तर काय? तो रोज सकाळी लोकांची लेकरं बसमध्ये घेऊन जातो. स्टिअरिंगवरच्या आपल्या बोटाकडे त्याने पुन्हा कसं बघितलं असतं? नाही उघडली, तर तो आयुष्यभर म्हणणार की बहिणीने डावललं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मला इतका थकवा आला, इतका, की वाटलं दोघांनीही आता घरी जावं आणि मला जमिनीवर पडू द्यावं.

‘बाबा म्हणतील तसं,’ मी म्हटलं.

‘वा!’ तो म्हणाला. ‘गोड गोड बोलून सगळं पदरात पाडून घे.’ चहाला हात न लावता गेला. दादाने कप संपवला, मग तोही गेला.

मी बाबांनाही सांगणार नव्हते. खूप दिवसांनी ते खूष होते, ते कशाला हिरावून घ्या? पण मग आठवलं, की येत्या सुट्टीत धाकट्याची पोरं राहायला यायची आहेत, आणि आजोबा त्यांना ठोंब्याचा खेळ शिकवणार आहेत. तसं कबूलच केलंय त्यांनी. किल्ली लपवली तर का लपवली म्हणून घर डोक्यावर घेतील. शिवाय, लपवायचं लपवायचं म्हणजे किती? जरा दुसऱ्या कुणाला तरी ओझं होऊ दे, असंही मनात आलं. राग होताच. तो नव्हता असं कशाला म्हणू?

मी त्यांच्या शेजारी बसले आणि ते काडतूस त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते तळहातावर खालीवर केलं. हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. त्यांनी टोक दातांत धरून बघितलं. लाकूड दातांना लगेच कळतं.

‘हे आत होतं?’

‘हो.’

‘डब्यावरची फुली झिजली असेल.’

मी चहाचा ट्रे जवळ ओढला.

‘नाही,’ तेच म्हणाले. ‘फुली कशाला झिजेल? मीच कोरलीय, चांगली खोल.’ त्यांनी काडतूस माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, ‘उद्या पोलीस ठाण्यात नेऊन जमा करून टाक. काडतुसांसकट. कोणाकडेच नको.’

‘धाकट्याला काय सांगायचं?’

‘हे सांगू नकोस.’

‘मग तो मलाच बोल लावणार.’

‘लावेल,’ बाबा म्हणाले. ‘तुला चालेल?’

पहिल्यांदाच कुणी विचारलं, आणि तेही ज्याला एकच उत्तर होतं असं. ‘चालेल,’ मी म्हटलं. रिकामे कप गोळा करायला उठले. धाकट्याचा भरलेला कप तसाच होता, त्यावर साय धरली होती.

‘पोरी.’

‘काय?’

‘मघाशी तो डुक्कर डुक्कर करत होता. मी ऐकलं. रोखली होती त्याने?’

‘हो.’

‘कशावर?’

‘पडद्यावर.’

‘पडद्याशी कोण होतं?’

‘कोणी नव्हतं, बाबा.’

ते माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. ‘मग चहा कोणी आणला?’

‘चहा मागून आणला. त्याने खाली घेतल्यावर.’

‘बरं,’ बाबा म्हणाले. मग त्यांनी हात लांब करून माझं मनगट शोधलं आणि मला खाली बसवलं. मी म्हटलं, भांडी पडलीत, तुमच्या इंजेक्शनची वेळ झालीय. ते म्हणाले, ‘पडू दे.’ अंधार पडायला लागला तेव्हा मी दिवा लावायला उठत होते, तर त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं.

‘बस,’ ते म्हणाले. ‘नुसती बस इथे.’