पस्तीस वर्षं पाण्यात

म्हसवडहून निघताना अंजनानं वडलांच्या, आबांच्या डोक्याला लाल पटका स्वतःच्या हातानं बांधला, तेव्हा ती खुशीत होती. सांगलीच्या सभागृहात पाऊल टाकलं, हातात माहितीपत्रक आलं, आणि चार ओळी वाचून होईतो तिची कानशिलं तापली.

लुसियें मोरेल. फ्रान्सचे थोर संगीतकार आणि वाद्यवृंदाचे संचालक. जन्म लिऑंचा, बाप घड्याळजी. दोन ऑपेरा, चार सिंफनी. गेल्या साली निधन. सगळ्यांत गाजलेली रचना ‘उतार’, माणदेशी धनगरी ओवीवर बेतलेली. ‘देव मेंढरं घेऊन नदीच्या मध्यावर येतो आणि संगीत थांबतं. संचालकाचा हात वर, दीड मिनिट निःशब्द. ही शांतता म्हणजे मोरेल यांच्या प्रतिभेचा कळस.’

“ऐकलं का आबा? तुमची मेंढी अडली, ती ह्यांची प्रतिभा!”

मिरजेला घशाचं ऑपरेशन झाल्यापासून बिरदेव आबांच्या गळ्यात आवाज नव्हता, वारा होता.

पस्तीस वर्षांमागची गोष्ट, अंजना तेव्हा नऊ वर्षांची. माणगंगेच्या काठी मेंढरांचा तळ. गोरा साहेब, हाच मोरेल, आवाज टिपायचं यंत्र मांडून बसलेला आणि आबा कानावर हात ठेवून गात होते. ओवीतला देव पाण्यात उतरला, पाणी कमरेला आलं, तेवढ्यात पांढऱ्या कपाळाची मेंढी विताना अडली. आबा ओवी टाकून धावले. अंजनानं मेंढीचं डोकं मांडीवर धरलं, आबांनी कोकरू मोकळं केलं. मग हात धुऊन ते पुन्हा गायला बसले. देवाला पाण्यात उतरवलं तर त्याच बैठकीत काठाला आणायचं, ही त्यांच्या घराची रीत. आबांनी ओवी पुरी केली. पण तोवर साहेबानं वायरी गुंडाळल्या होत्या. ओवी काठाला लागली तेव्हा जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली होती.

तेव्हापासून आबांच्या मनाला तो काटा. जेवताना घास हातातच राहायचा. “अंजे, आपला देव हितं काठाला आला गं. तिकडं त्यो पान्यातच हाय.”

अंजना तालमीतून बाहेर आलेल्या प्राध्यापक भाऊसोंना आडवी गेली. कार्यक्रम त्यांनीच ठरवला होता.

“सर, त्या बाईस्नी सांगा, ओवी फुडं हाय. मी म्हनून दावते.”

संचालक बाई, एलेन, मोरेल साहेबांच्या शिष्या. त्या पलीकडे कागद चाळत उभ्या होत्या.

“ताई, तसं चालत नाही. मोरेलसाहेबांचा एक सूर कुणी हलवत नाही. त्या शांततेवर लोकांनी प्रबंध लिहिलेत.”

“मेंढी अडली त्यावर?”

भाऊसो हसले. अंजनाच्या अंगाचा भडका उडाला.

“हसू नका. मी धरली हुती ती मेंढी.”

“अहो, आबांना मानाची शाल आहे, नारळ आहे. फोटो पेपरात येईल. राग कशाला?”

“शाल त्या देवाला पांघरा. पस्तीस वरीस भिजतोय त्यो!”

भाऊसोंनी घड्याळ बघितलं आणि बाईंना एक शब्दही न सांगता ते आत गेले.

संध्याकाळी सभागृह भरलं. वाद्यं वाजू लागली आणि अंजनाचा राग दुणावला, कारण ते वाईट नव्हतं. व्हायोलिनांतून मेंढरांची खुरं खरोखर गोट्यांवर वाजत होती. मोठ्या ढोलात पाणी चढत होतं. एवढं कळत होतं माणसाला, मग थांबायचं कळू नये? अर्धा तास? पांढऱ्या कपाळाच्या मेंढीएवढाही धीर नव्हता त्याला?

पाणी कमरेला आलं. बाईंचा हात वर गेला आणि सगळं थांबलं.

आबांची काठी फरशीवर वाजली. एकदा. मग पुन्हा, ढोलाच्या ठेक्यात. आबांचे ओठ हलत होते, नुसता वारा निघत होता.

अंजना उठली. ओवी बाप्यांनी गायची; ती कधी चारचौघांत गायली नव्हती. आवाज चिरका निघाला, रागानं फाटलेला.

*पानी कमरंचं मांडीला आलं,*
*कोकरू देवानं खांद्याला घेतलं,*
*पानी मांडीचं घोट्याला आलं,*
*मागल्या मेंढीला नावानं हाकलं…*

“ताई! खाली बसा!” भाऊसो वाकून धावत आले. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

*शेवटची मेंढी काठाला लागली,*
*तवा देवानं घोंगडी पिळली.*

काठी थांबली. आबांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. टाळी कुणी वाजवली नाही. व्यासपीठावर एलेनबाई वळून तिच्याकडं बघत होत्या, हात अजून हवेत, तसाच.

“घ्या खाली,” अंजना तिथूनच ओरडली, आणि आपला हात खाली आणून दाखवला. “घ्या हात खाली! आला देव काठाला.”