वाडग्यात कोंडलेलं गाणं

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात त्या दुपारी यंत्रं बंद होती आणि माणसं मळक्या चादरींच्या ढिगांवर चढून बसली होती. मधल्या टेबलावर स्वरहारी महाराज काचेच्या वाडग्यातून कुणाचं तरी गाणं वाजवत होते!

"गाणं माणसाचं नव्हेच!" महाराज गरजले. "ते भटकं भूत आहे. कानातून शिरतं, गळ्यातून निघतं. मी ते काढून पाण्यात कोंडतो. ऐका!"

त्यांनी ओलं बोट वाडग्याच्या कडेवरून फिरवलं. 'ऊंऽऽऽ'. सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

घड्या घालणाऱ्या मावशींचं गाणं सोमवारीच निघालं होतं. महाराजांचा मोबदला, एक कोरी चादर. "पुन्हा गुणगुणलात तर भूत घरातल्या सर्वांत लहान जिवात शिरेल," अशी तंबी मिळाली होती. घरात तीन महिन्यांची नात. मावशींनी तोंड शिवून घेतलं. पण दोघींनी मिळून चादर झटकायची, तर आता ठेका कुठला? एक ओढी, दुसरी सोडी. वॉर्डांत घड्यांऐवजी गाठोडी जाऊ लागली. आणि अंगाईवाचून नातीने चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. आज लेक तिला घेऊन इथेच आली.

"महाराज, हिला झोपच नाही हो," मावशी रडकुंडीला आल्या.

"वाडगं भरलंय. हिचं रडं काढायला दुसरं लागेल, दोन चादरी पडतील."

"एवढ्यासाठी?" कॅन्टीनमध्ये ग्लास धुणारी बाई ट्रे घेऊन आली होती. तिने पातळ काचेचा एक ग्लास उचलला, बोट पाण्यात बुडवून कडेवर फिरवलं. ग्लास 'ईंऽऽऽ' करून गाऊ लागला. "ओलं बोट काचेवर अडतं, सुटतं, अडतं, सुटतं. काच थरथरते नि वाजते. पाणी वाढवा, आवाज उतरतो. मी रोज तीनशे ग्लास धुते. माझ्या मोरीत काय तीनशे भुतं आहेत?"

"हे वेगळं!" महाराज ओरडले. नातीने दचकून टाहो फोडला.

"मग झोपवा तुम्हीच!" लेकीने बाळ त्यांच्याच हातात दिलं.

महाराज घाबरले. मग त्यांचे गुडघे आपोआप वाकले, ते डुलू लागले आणि तोंडातून निघालं, "हंऽ हंऽ, हंऽ हंऽ..."

बाळ गप्प.

"अगंबाई, ह्यांच्यात कोण शिरलं?" मावशी म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. त्यांनी नातीला घेतलं आणि चार दिवसांची तुंबलेली अंगाई भसाड्या आवाजात सुरू केली. समोरच्या दोघींचे हात त्याच ठेक्यावर चादर झटकू लागले. घडी सरळ आली.

बाळाला समजावताना, दोघांचे हात जुळवताना गाणं आपसूक येतं. ते आपलंच असतं. तुमच्यातलं काही काढून दाखवतो, असं कुणी म्हणालं तर आधी एवढंच बघा, त्याचं बोट ओलं आहे का.