सोडा मला

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण द्वारकाबाई, एकदा माइक हातात आला की खाली ठेवत नाहीत. इच्छामरणाचा कायदा आणा असं कुणीतरी टीव्हीवर म्हणालं, ते त्यांनी ऐकलं आणि तेव्हापासून बारामती-इंदापुरात त्यांच्या विरोधाच्या सभा सुरू झाल्या. "म्हाताऱ्याला मारायला कायदा कशाला हवा? घरची माणसं 'आता लई झालं तुमचं' म्हणून रोज मारत्यातच की!" असं त्या म्हणाल्या की बायका डोळ्यांना पदर लावतात. मीही लावलाय. बाई खरं बोलतात, हीच तर पंचाईत.

त्यात आमच्या घरी आबा. आबा म्हणजे माझे सासरे, सावळाराम. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. तेव्हापासून आत्याबाईंचा हुकूम निघाला: दादाला हलवायचं नाही, वारं लागू द्यायचं नाही, तेल-तिखट बंद, मासळीचं तर नावही काढायचं नाही. भावावर जीवच तसा. रोज फोन, "दादानं भात खाल्ला का?" आम्ही सगळं निमूट पाळलं. आबांना काही झालं असतं तर त्यांनी आमची हजेरी घेतली असती.

आणि आबा रोज सकाळी, मी अंग पुसायला गेले की माझा हात धरून म्हणायचे, "सोडा मला, पोरी. सोडा आता."

हे मी आत्याबाईंना सांगितलं नाही. नवऱ्याला, युवराजला सांगितलं, तर तो उठून गोठ्यात जाऊन बसला. गावोगाव मरणाविरुद्ध बोलणाऱ्या बाईच्या सख्ख्या भावालाच मरण हवंय, हे तिला कुणी सांगायचं? खरं सांगू, मला आबांचा रागही यायचा. एवढं करते मी यांचं, तरी यांना जायचंच आहे!

मग भिगवणची सभा ठरली. आत्याबाईंचा फोन आला, "दादाला शाल गुंडाळून घिऊन या. जपलं की माणूस कसं जगतं, लोकान्ला दिसू दे." मी नेणं टाळायला कारणं शोधायला लागले. आबा मात्र सकाळपासून दाढी करून तयार.

युवराजनं त्यांना खुर्चीसकट व्यासपीठावर ठेवलं. आत्याबाई रंगात आल्या. "ह्यो माझा दादा. इचारा त्याला, मरायचंय का?" आणि माइक आबांच्या तोंडापुढं धरला. मी डोळे मिटून घेतले.

"सोडा म्हणतो मी," आबा सावकाश म्हणाले. "रोज म्हणतो."

आत्याबाई माइक तसाच धरून त्यांच्याकडं वळल्या. "दादा, काय बोलतुयास ह्ये?"

"कुणी सोडतच न्हाय. वावरात सोडा, पारावर सोडा. भिगवणला तरी सोडा, चिलापी मासा खायाला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला हसू येईना. युवराज मोटारसायकल काढली की रोज कुणाला ना कुणाला म्हणतो, "बसा, सोडतो." तो शब्द कानावर पडायचाच. आबांनी म्हटला की मात्र आम्हाला त्यात नुसतं मरण ऐकू यायचं. कुठं सोडू, एवढंसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

आत्याबाईंनी माइक खाली ठेवला. "म्हंजी मरायचं न्हाय ना तुला?"

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं. "कवा कवा त्येबी वाटतं. खोटं कशाला बोलू? त्या खोलीत पडून दुसरं काय सुचंल, द्वारके?"

आत्याबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते न पुसताच त्यांनी माइक उचलला. "मंडळी, कायदा नको म्हंजी नकोच. पर मी बी चुकले. ह्याला जित्ता ठिवला आन् कोंडून ठिवला. सभा संपली. आमाला जेवाय जायचंय."

हायवेवरच्या हॉटेलात तळलेली चिलापी आली. आबांना एका हातानं काटे काढता येईनात. मी हात पुढं केला, तर आत्याबाईंनी तो बाजूला सारला. उभ्या जन्मात मासा न शिवलेली ही बाई. गळ्यातली तुळशीची माळ पदराआड सरकवली, तोंड वाकडं करून एकेक काटा काढला आणि भावाला घास भरवायला लागली.

"हळू खा. काटा अडकला तर मरशील की!"

आबांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "फुडची सभा कुठं हाय?"

"इंदापूरला."

"मला सोडा तितं."

"न्हाय सोडत," आत्याबाई पुढचा काटा शोधत म्हणाल्या. "संगं नेते."